सरकारचा वकील की राज्याचा? महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांच्या निमित्ताने

अपील_साईडकर

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "महाधिवक्ता म्हणजे काय, सरकारचा महागडा वकील. सरकार सांगेल ते कोर्टात बोलायचं आणि बिल लावायचं." तिथेच उत्तर द्यायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. म्हणून वेगळा धागा काढतोय.

मुद्दा पटवायला माणूस निवडला तो होरमसजी माणेकजी सीरवाई. १९५७ ते १९७४, सलग सतरा वर्षं आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता. इथल्या वकील मंडळींना नाव नवीन नाही. इतरांनी केशवानंद भारती खटल्याबद्दल वाचताना पालखीवालांचं नाव दहा वेळा ऐकलं असेल आणि समोर कोण उभं होतं ते एकदाही नाही. समोर हे होते.

जन्म ५ डिसेंबर १९०६, मुंबईचा. भरडा न्यू हायस्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेजात तत्त्वज्ञान, मग सरकारी लॉ कॉलेज. तत्त्वज्ञानाची ती पदवी पुढे आयुष्यभर दिसते. एखादं तत्त्व एकदा मान्य केलं की त्याच्या टोकापर्यंत जायचं, मधे कुठे सोयीचं स्टेशन आलं म्हणून उतरायचं नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा स्वभाव. १९२९ ला वकिली सुरू केली ती सर जमशेटजी कांगांच्या चेंबरमधून. कांगा स्वतः १९२२ ते १९३५ मुंबईचे महाधिवक्ता. त्याच चेंबरमधून पुढे नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी निघाले. एका खोलीतून देशाच्या घटना-कायद्याची निम्मी भांडणं बाहेर पडली म्हणा ना.

१९५७ साली सीरवाईंनी पद घेतलं तेव्हाचं राज्य डोळ्यासमोर आणा. कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत पसरलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात, हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छागला. १ मे १९६० ला राज्य दुभंगलं, गुजरातचं हायकोर्ट वेगळं झालं, पण मुंबईचा महाधिवक्ता बदलला नाही. चव्हाण गेले, कन्नमवार आले, त्यांच्या निधनानंतर काही दिवस पी. के. सावंत, मग वसंतराव नाईक. सीरवाई तिथेच. आज सरकार बदललं की महाधिवक्त्याने राजीनामा टेबलावर ठेवायचा रिवाज आहे, त्यामुळे सतरा वर्षांचा आकडा आता अशक्यच वाटतो. अर्थात तेव्हा माणसं बदलली तरी सत्तेतला पक्ष तोच होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

पदाबद्दल थोडक्यात. घटनेचं कलम १६५. नेमणूक राज्यपालांची, आणि हायकोर्टाचा न्यायमूर्ती व्हायची पात्रता असलेलाच माणूस हवा. मुदत ठरलेली नाही, राज्यपालांची मर्जी असेपर्यंत. काम म्हणजे राज्य सरकारला कायदेशीर सल्ला देणं आणि सोपवलेली कामं करणं. कलम १७७ प्रमाणे विधानसभेत आणि विधान परिषदेत जाऊन बोलायचा हक्कही आहे, मत मात्र देता येत नाही. सरकारी वकील, ज्याला कोर्टात सगळे जीपी म्हणतात, तो वेगळा. त्याचं कार्यालय रोजच्या रोज शेकडो मॅटर्स सांभाळतं. महाधिवक्ता उभा राहतो तो घटनेचा प्रश्न असेल तेव्हा किंवा सरकारचं नाक अडकलेलं असेल तेव्हा.

नाक अडकलेल्या प्रकरणाचं उदाहरण म्हणजे नानावटी. खून, प्रेमप्रकरण, ज्यूरी हे सगळं चघळून झालंय, त्यात जात नाही. मला रस आहे तो एका दिवसात. ११ मार्च १९६०. हायकोर्टाने ज्यूरीचा निर्दोष असल्याचा निर्णय बाजूला ठेवून नौदलाचे कमांडर नानावटी यांना जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांचा आदेश निघाला: सुप्रीम कोर्टातलं अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित, तोवर नानावटी नौदलाच्याच ताब्यात. नानावटींच्या अटकेचं वॉरंट निघालं होतं, ते बजावलं न जाताच परत आलं. हायकोर्टाच्या हुकमाचा कागद दारातून माघारी फिरला! न्यायमूर्तींना हे झोंबणं साहजिक होतं. पाच जणांचं विशेष पीठ बसलं आणि राज्याची बाजू मांडायला महाधिवक्ता.

सीरवाईंची भूमिका कलम १६१ वर उभी होती. राज्यपालांचा शिक्षा स्थगित करायचा अधिकार घटनेनेच दिलाय, आणि तो कधी वापरायचा यावर तिथे बंधन घातलेलं नाही. हायकोर्टाने ते मान्य केलं. सुप्रीम कोर्टाने ५ सप्टेंबर १९६० ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने उलट निकाल दिला: अपील आमच्यापुढे असताना त्या काळापुरता राज्यपालांचा हा अधिकार चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हेच तर म्हणतोय, सरकारने लाजिरवाणी गोष्ट केली आणि याने ती निस्तरली. मला ते तसं दिसत नाही. आदेश शहाणपणाचा होता का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. अधिकार आहे की नाही, एवढाच होता. तिथे प्रामाणिकपणे उभं राहता येतं.

खरी परीक्षा केशवानंदची. केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि त्या निमित्ताने २४, २५ आणि २९ व्या घटनादुरुस्त्याच पणाला लागल्या. तेरा न्यायमूर्ती. ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात ६८ दिवस सुनावणी. स्वामींच्या बाजूने पालखीवाला, केंद्रातर्फे अ‍ॅटर्नी जनरल नीरेन डे, आणि केरळ राज्यातर्फे महाराष्ट्राचे महाधिवक्ता सीरवाई. म्हणजे कांगांच्या चेंबरचे दोन शिष्य आमनेसामने. त्या वर्षी सीरवाईंना पद्मविभूषण मिळालेलं होतं आणि त्यांचं घटना-कायद्यावरचं मोठं भाष्य बाजारात येऊन पाच वर्षं झाली होती (पहिली आवृत्ती १९६७). म्हणजे उभं राहून बोलणारा माणूस त्या विषयावरच्या ग्रंथाचाच लेखक.

त्यांचं म्हणणं एका ओळीत असं. कलम ३६८ संसदेला घटना दुरुस्त करायचा अधिकार देतं, त्यात लिहिलेल्या अटींपलीकडे न्यायालयाने मनाने आणखी अटी घालू नयेत. न दिसणाऱ्या मर्यादा एकदा वाचायला लागलात की त्या किती आणि कोणत्या हे ठरवणार कोण? निवडून न आलेले न्यायमूर्ती. पालखीवालांचं उत्तर: आणि उद्या संसदेने लोकशाहीच मोडीत काढली तर?

२४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला, सात विरुद्ध सहा. दुरुस्ती करा, पण मूलभूत चौकटीला हात लावू नका. सीरवाई एका मताने हरले. दुसऱ्याच दिवशी सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं.

वर्षभरात सीरवाई पदावरून बाहेर पडले आणि ग्रंथाला लागले. पुढे जून १९७५, आणीबाणी. ऑगस्टमधली ३९ वी घटनादुरुस्ती, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर. पालखीवालांनी विचारलेलं "उद्या" दोन वर्षांत येऊन उभं राहिलं. आणि मग सीरवाईंनी ते केलं ज्यासाठी मी हा धागा काढलाय. आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत स्वतःचीच भूमिका पुन्हा तपासायला घेतली आणि मूलभूत चौकटीचा सिद्धान्त स्वीकारला. ज्या निकालात आपण हरलो तो बरोबर होता, हे छापून. वकील खाजगीत असं बोलतात, चहा पिताना. भावी पिढ्या ज्याच्यावर अभ्यास करणार त्या पुस्तकात लिहीत नाहीत.

शिवाय हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क आणीबाणीत चालणार नाही असं सांगणाऱ्या निकालावर (एडीएम जबलपूर, २८ एप्रिल १९७६, चार विरुद्ध एक) त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहून सालटी काढली. १९७७ ला सुप्रीम कोर्टात संकलचंद शेठ प्रकरणात ते उभे राहिले. आणीबाणीत गुजरात हायकोर्टाच्या या न्यायमूर्तींची बदली त्यांची संमती न घेता आंध्रला केली होती. सीरवाई आता केंद्र सरकारच्या विरुद्ध, न्यायमूर्तींच्या बाजूने.

जानेवारी १९९६ मध्ये ते गेले. ग्रंथाची चौथी आवृत्ती तीन जाडजूड खंडांत आहे, आणि अखेरपर्यंत काम त्याचंच चाललं होतं.

तर प्रश्न असा: या माणसाला "सरकारचा महागडा वकील" म्हणायचं का?

---

नाना_पेठकर

लेख छान. पण साहेब, तुम्ही आवडत्या माणसाची बाजू मांडताय आणि आपण न्यायमूर्ती आहोत असं भासवताय. :)

सरळ हिशोब करू. सतरा वर्षं सत्तेतल्या पक्षाचा वकील. नानावटीत राज्यपालांच्या आदेशाची पाठराखण. केशवानंदमध्ये संसदेला अमर्याद अधिकार हवा म्हणून लढले. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर ३९ वी दुरुस्ती रोखायला कोर्टाच्या हातात काय उरलं असतं? नंतर मत बदललं ते ठीक, पण पद सुटल्यावर. खुर्चीत असताना "हे मी मांडणार नाही" असं ते कधी म्हणाले, ते दाखवा.

---

विदर्भकन्या

नाना, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण ज्या दिवशी महाधिवक्ता "मांडणार नाही" म्हणतो ते तुमच्या-माझ्यापर्यंत येतच नाही. फाइलवर राहतं. बाहेर येतं ते फक्त कोर्टातलं.

आणि उघड बोललं तर काय होतं तेही आपण बघितलंय. तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे, मार्च २०१६. वेगळ्या विदर्भावर बोलून झालेलंच होतं, जालन्यात मराठवाड्याबद्दल बोलले आणि विधिमंडळात गदारोळ. दोन दिवसांत राजीनामा. लोकनायक बापूजी अणे यांचा नातू, विदर्भाबद्दल काय मत असणार हे नेमतानाच सगळ्यांना माहीत होतं की!

जाता जाता, नागपूरने किती महाधिवक्ते दिलेत हे मुंबईकरांना खटकतं का? अरविंद बोबडे (सरन्यायाधीश शरद बोबडे यांचे वडील), व्ही. आर. मनोहर, सुनील मनोहर, अणे, रोहित देव. खंडपीठ आमच्याकडे दुय्यम म्हणून आलं असेल, माणसं दुय्यम नाहीत.

---

अपील_साईडकर

@विदर्भकन्या, खटकत नाही, उलट बरं वाटतं. सीरवाईंच्या काळात हे पद जवळपास ओरिजिनल साईडचं (मुंबई शहरातले दावे थेट हायकोर्टात चालतात तो विभाग) वतन होतं. फोर्टातली चेंबर्स, सॉलिसिटरमार्फत येणारी ब्रीफं, घरात इंग्रजी. जिल्ह्यातून आलेला, मराठीत विचार करणारा वकील अपील साईडला, म्हणजे खालच्या कोर्टांवरची अपिलं चालतात तिथे. माझं टोपणनाव उगीच नाही. रामराव आदिक महाधिवक्ता झाले तेव्हा आमच्याकडच्या जुन्या लोकांना झालेला आनंद अजून सांगितला जातो.

@नाना, तुमच्या प्रश्नाला पुरावा म्हणून फाइल दाखवता येणार नाही. पण "एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर" याला माझा आक्षेप आहे. केशवानंदला तेव्हा दुसरी बाजूही होती. बँक राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, दोन्ही कोर्टाने उडवले होते. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने १९६७ ला संसदेला मूलभूत हक्कांना हातच लावता येणार नाही असं सांगितलं होतं. जमीनसुधारणा कायदे रखडत होते. भूमिहीनाच्या बाजूने विचार करणाऱ्याला १९७२ साली "न्यायमूर्तींनी संसदेच्या वर बसू नये" हे म्हणणं सरकारधार्जिणं वाटत नव्हतं, लोकशाहीचं वाटत होतं. आज आणीबाणी माहीत असल्यामुळे आपल्याला पालखीवाला उघडउघड बरोबर दिसतात.

---

कांगालीग

कायद्यातलं शून्य कळतं, तरी एक विचारतो. हे कांगा म्हणजे आमच्या पावसाळी कांगा लीगचे का? तसं असेल तर चेंबरमधून बॅटिंगही शिकवत असतील. ;)

---

अपील_साईडकर

नाही हो. लीग डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने, १९४८ पासून. वकील कांगा जमशेटजी. हा घोळ कोर्टाच्या कँटीनमध्येही होतो.

---

सनदी_निवृत्त

मंत्रालयात बरीच वर्षं काढली, म्हणून फाइलच्या बाजूने दोन शब्द.

खात्याला महाधिवक्त्यांचं मत हवं असेल तर थेट त्यांच्याकडे जायचं नसतं. प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे जातो, तिथे टिपणी होते, आणि त्यांना वाटलं तर पुढे. यात गंमत अशी की उत्तर काय येणार हे प्रश्न कसा विचारला त्यावर बरंच ठरतं. "अमुक करता येईल काय?" आणि "अमुक करण्यास कायदेशीर अडचण आहे काय?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि अनुभवी कक्ष अधिकारी दुसराच लिहितो. मी एका खात्यात असताना एका जमिनीच्या प्रकरणात वरून स्पष्ट इशारा होता की मत "अनुकूल" हवं. टिपणीत तीन मुद्दे होते, पाठवलेल्या मसुद्यात दोनच उरले. तिसरा मुद्दा म्हणजे त्याच जागेबद्दलचा जुना करार. मत अनुकूल आलं, अर्थातच. ते देणाऱ्याला दोष देऊ नका, त्यांच्यापुढे करार आलाच नव्हता. नंतर कोर्टात समोरच्याने तो करार काढून दाखवला आणि सरकारी वकिलाला तारीख मागायची वेळ आली.

म्हणून मला वाटतं, या पदाची खरी कसोटी कोर्टात बोलण्यात नाही. "मूळ फाइल पाठवा, गोषवारा नको" असं सांगणाऱ्यात आहे. मी तसे बघितलेत. त्यांच्याकडे फाइल पाठवायची म्हटली की खातं महिनाभर टाळाटाळ करायचं.

---

नाना_पेठकर

@सनदी, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी. (अपील_साईडकर, राग नसावा.)

---

जर्सीकर

मजा येतेय वाचायला. इकडची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या वादाचं मूळच इथे वेगळं आहे.

अमेरिकेत पन्नासपैकी ४३ राज्यांत महाधिवक्ता, म्हणजे तिथला अ‍ॅटर्नी जनरल लोकांनी निवडून दिलेला असतो. फलक, देणग्या, टीव्हीवर जाहिराती, सगळं. त्यामुळे तो गव्हर्नरच्या पक्षाचा असेलच असं नाही, आणि गव्हर्नरला न विचारता खटले भरतो. आमच्या न्यू जर्सीत मात्र गव्हर्नर नेमतो. २०१८ ला गुरबीर ग्रेवाल आले, देशातले पहिले शीख राज्य अ‍ॅटर्नी जनरल, तेव्हा आमच्या इथल्या देशी मंडळींत बरीच चर्चा झाली होती. मेन राज्यात विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत चक्क तिथलं सुप्रीम कोर्ट.

निवडून आलेला काय करू शकतो याचं मोठं उदाहरण म्हणजे मिसिसिपीचे माइक मूर. १९९४ ला सिगारेट कंपन्यांवर पहिला खटला त्यांनी भरला. म्हणणं असं की धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारावर राज्याने पैसा घातला, तो कंपन्यांनी भरून द्यावा. त्यांचे स्वतःचे गव्हर्नर विरोधात कोर्टात गेले! तरी मागे हटले नाहीत. हळूहळू बाकी राज्यं आली आणि १९९८ ला ४६ राज्यांचा एकत्र समझोता झाला, २५ वर्षांत दोनशे अब्ज डॉलरच्या वर. मिसिसिपीने आपला वेगळा आधीच करून घेतला होता.

नाना, तुमचा "खुर्चीत असताना नाही म्हणणारा" इथे मिळेल.

---

विदर्भकन्या

हो, पण त्याची दुसरी बाजू सांगा ना. निवडणूक लढवायची म्हणजे पुढच्या पायरीवर डोळा. बिल क्लिंटन आधी आर्कान्सॉचे अ‍ॅटर्नी जनरल, मग गव्हर्नर. कमला हॅरिस कॅलिफोर्नियाच्या, मग सिनेट. कुठला खटला कायद्यासाठी आणि कुठला पुढच्या प्रचारासाठी, हे कसं कळणार? आपल्याकडे महाधिवक्ता निवडणुकीने आणला तर पहिला खटला कुणावर पडेल ते मी आत्ताच सांगते.

---

जर्सीकर

हाहा, +१. पक्षाचे अ‍ॅटर्नी जनरल गटाने उठतात आणि समोरच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर खटले टाकतात, हे तर आता रोजचंच झालंय.

---

एलएलबी_तिसरं_वर्ष

अपील_साईडकर काका, अभ्यासाचा प्रश्न विचारू का? कॉलेजच्या ग्रंथालयात सीरवाईंचे तिन्ही खंड आहेत. पहिला उघडला, वीस पानं वाचली, मिटला. कुठून सुरू करू? आणि दुसरं, कोर्टाच्या अवमानाच्या प्रकरणात महाधिवक्त्याची परवानगी लागते ती कशाला?

---

अपील_साईडकर

पहिल्या पानापासून कुणीच वाचत नाही, काळजी नको. घटनादुरुस्तीच्या प्रकरणापासून सुरू कर. शेजारी केशवानंदमधला न्या. खन्नांचा निकाल उघडा ठेव, कारण शेवटी तराजू त्यांच्या निकालानेच झुकला. मग तळटिपा वाच. सीरवाईंचा राग बऱ्याचदा तिथे असतो. न्यायमूर्तींची नावं घेऊन, परिच्छेद क्रमांक देऊन, "इथे तर्क तुटतो" असं सांगतात. सरन्यायाधीश असो की कोण. भाषा अवघड नाही, दम लागतो तो एकेका मुद्द्याची पाळंमुळं खणण्यामुळे.

एक गंमत वाचताना ध्यानात ठेव. नानावटी खटल्यात हायकोर्टात सरकारची बाजू मांडली ती सरकारी वकील यशवंतराव चंद्रचूडांनी. तेव्हा महाधिवक्ता सीरवाई. पुढे चंद्रचूड न्यायमूर्ती झाले, केशवानंदच्या पीठावर बसले आणि सीरवाई ज्या बाजूने लढत होते त्याच बाजूच्या सहा जणांत होते. तीन वर्षांनी एडीएम जबलपूरमध्ये चंद्रचूड बहुमतात. आणि त्याच बहुमतावर सीरवाईंनी पुस्तक लिहून आसूड ओढला. जुने सहकारी म्हणून हात सैल सोडला नाही.

अवमानाचं: १९७१ च्या कायद्याचं कलम १५. फौजदारी अवमानासाठी हायकोर्ट स्वतःहून दखल घेऊ शकतं, महाधिवक्ता अर्ज करू शकतो, बाकी कुणी करायचा तर महाधिवक्त्याची लेखी संमती हवी. नाहीतर रोज प्रत्येक हरलेला पक्षकार कुणावर तरी अवमान ठोकेल आणि कोर्टाचं बोर्ड त्यानेच भरेल. बघ, इथे महाधिवक्ता सरकारचा वकील नसतोच. चाळणी असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ मध्ये सार्वजनिक न्यासाबद्दल स्वतः दावा लावायचा अधिकारही त्याला दिलेला आहे. म्हणून "सरकार सांगेल ते बोलायचं" हे वर्णन पदाला अपुरं पडतं, व्यक्ती कुणीही असो.

---

पणजीकार

आमच्या गोव्याचंही नाव घ्या हो. हायकोर्ट तुमचंच, पण महाधिवक्ता आमचा वेगळा. १९८७ ला राज्य झालं, म्हणजे कलम १६५ लागूच. एका हायकोर्टापुढे दोन राज्यांचे दोन महाधिवक्ते. म्हादईचा वाद आला की हे किती सोयीचं आहे ते कळतं.

महाराष्ट्राच्या महाधिवक्त्याची मात्र धावपळ. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरही.

---

नाना_पेठकर

बरं, अर्धा पटलो. अर्धाच.

सनदींनी सांगितलेला प्रकार डोक्यातून जात नाहीये. मत गुप्त, प्रश्न फिरवलेला, आणि शेवटी मंत्री पत्रकारांना सांगणार "महाधिवक्त्यांचा सल्ला घेऊनच निर्णय केलाय". ते मत नागरिकाला बघता येत नसेल तर सीरवाई काय आणि ऐरेगैरे काय, आम्हाला फरक कळणार कसा? माहिती अधिकारात मागता येतं का?

---

सनदी_निवृत्त

मागून बघा, "पक्षकार आणि वकील यांच्यातला विश्वासाचा संबंध" असं उत्तर येईल. केंद्राच्या अ‍ॅटर्नी जनरलबद्दल दिल्ली हायकोर्टात हा वाद झालाय. २०१५ ला एका न्यायमूर्तींनी सांगितलं की ते पद माहिती अधिकार कायद्याखालचं सार्वजनिक प्राधिकरण आहे. २०१७ ला खंडपीठाने ते फिरवलं. मुख्य कारण हेच की तो आधी सरकारचा वकील आहे.

---

विदर्भकन्या

म्हणजे कोर्टानेच शेजारच्या धाग्यावरच्या माणसाची बाजू घेतली म्हणायची, अपील_साईडकर. :D

---

अपील_साईडकर

निकाल चुकीचा वाटतो मला. कलम ७६ (केंद्राचा) आणि १६५ (राज्याचा) मध्ये नाव घालून निर्माण केलेलं पद हे नुसतं वकीलपत्र नाही. प्रलंबित खटल्यातला सल्ला गुप्त राहावा, तेवढं ठीक. धोरणाबद्दलचा सल्ला, ज्याचा हवाला मंत्री स्वतः जाहीरपणे देतो, तो लपवायचं कारण नाही. हवाला दिलात की कागद सभागृहापुढे ठेवा, एवढा नियम पुरे.

आणि तोवर कलम १७७ आहेच. महाधिवक्त्याला सभागृहात बोलवा. आमदारांनी विचारावं, "तुमच्याकडे मूळ फाइल आली होती की गोषवारा?"

---

नाना_पेठकर

हे बाकी आवडलं. माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना पत्र टाकतो. सनदी, प्रश्नाचा मसुदा तुम्ही करून द्या. "अमुक करता येईल काय" वाला नको, दुसरा.

---

सनदी_निवृत्त

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.